घर कुणासाठी ठेवलं

जीपगाडीचा आवाज आला की अजूनही माझे कान तिकडंच लागतात. आता रस्ता डांबराचा झाला, गाड्या रोजच्याच झाल्या. पण जुन्या जीपची घरघर निराळी असते, चढावर दम लागल्यासारखी. ती ऐकली की माझा हात आधी दाराच्या कडीकडं जातो. बायको होती तोवर आतून म्हणायची, "बसा गुमान. दूधवाल्याची गाडी हाय ती." आता सांगायला कुणी नाही. आपणच उठायचं, आपणच बघायचं, आपणच परत येऊन बसायचं.

तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सारी हयात वेल्डिंगमध्ये गेली, डोळेही त्यातच गेले. लिहिणं माझं काम नाही. पण हे एक तिच्याबद्दलचं माझ्यासोबत मातीत जाऊ नये, म्हणून लिहितो. यात मिरवण्यासारखं काही नाही. भ्यावच जास्त आहे.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या अंगाला. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. कोर्ट, कलेक्टर, इन्कम टॅक्स, सगळं औरंगाबादला. लग्न झाल्यापासून आम्ही कुडाच्या खोपटात राहायचो. पाऊस लागला की ती पीठ डोक्यावर घेऊन बसायची, कारण तेवढी एकच जागा कोरडी राहायची. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी खडी फोडली. त्यानंतर मी जालन्याला एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकलो, ट्रॉल्या जोडायला लागलो. तिथंच मुंबईचा एक ठेकेदार माणसं बघायला आल्ता. त्यानं माझा जोड बघितला, हातोडा मारून बघितला आणि म्हणाला, "मस्कतला चलतो का?" मस्कत कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिला सांगितलं, तर तिनं एकच विचारलं, "पक्कं घर व्हईल का?" मी म्हणलं, व्हईल. ती म्हणाली, "मंग जावा."

घर झालं. मी तिकडं लोखंड जोडत होतो आणि इकडं तिनं दोन खोल्या उभ्या केल्या. पक्क्या विटा, वर पत्रा, पुढं ओटा. मी दोन वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा ते घर बघितलं. आमच्या वस्तीत पहिलं पक्कं घर. कोनाड्यात फोटो, फोटोपुढं मेणबत्ती, भिंतीला निळा रंग. मी तर दारातच चपला हातात घेऊन उभा राहिलो. दुसऱ्याच्या घरात आल्यावाणी वाटत होतं. ती म्हणाली, "या की आत. तुमचंच हाय."

हेच बोलणं पुढं आमच्या गळ्याशी आलं.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. आमच्या भागातल्या बाया, घरचा माणूस परमुलखाला गेला की रोज त्याच्या नावाची एक भाकर काढून ठेवतात. टोपल्यात, फडक्याखाली. सकाळी ती कुत्र्याला नाहीतर दारी आलेल्याला देतात. का, ते कुणी सांगत नाही. ठेवली नाही तर माणूस वाट विसरतो, एवढंच एखादी म्हातारी सांगते. माझी बायको दोन वर्षं एक दिवस न चुकता ठेवत होती. आल्यावर मी तिला चिडवलं, "आपण तर देवधर्म समदा सोडला नं? मंग ही भाकर कोणत्या धर्मात बसती?" ती चुलीपुढून म्हणाली, "देव सोडले. माणूस न्हाई सोडला."

सुट्टी दोन महिन्यांची होती. महिना कसा उलटला कळलं नाही. ते दिवस आणीबाणीचे. थंडीचा मोसम, तुरी माणसाच्या वर गेलेल्या. परत जायचं तर इन्कम टॅक्सचा दाखला लागेल, याच्याकडं सरकारचं काही येणं नाही असा, त्याशिवाय बोटीवर चढू देणार नाहीत, असं ठेकेदाराच्या माणसानं मुंबईहून कळवलं. मी औरंगाबादला गेलो. मनात म्हणलं, आपण कोण, वेल्डर. आपल्याला टॅक्सशी काय करायचं? एक शिक्का मारतील, देतील.

तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, कधी गेला, कधी आला, कुठं उतरला. मी सांगितलं, घरीच. त्यानं पेन थांबवलं. "घर आहे?" म्हणलं, आहे. "नवीन?" म्हणलं, हो. त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चौकशी होईल. जा." एवढंच. त्या काळात कुणाला का उचलतात, कुठं नेतात, काही कळायचं नाही. माणसं चहाच्या हॉटेलातही हळू बोलायची.

आठवडाभरानं गावात जीप आली.

तेव्हा जीप म्हणजे एकच गोष्ट, नसबंदीवाले. घरघर ऐकू आली आणि वस्तीतले सगळे बाप्ये तुरीत पळाले. म्हातारे, तरणे, लग्न न झालेले, सगळे. मीही पळालो. मस्कतहून आणलेला बूट एका पायातला चिखलात राहिला. तुरीत माझ्याजवळ एकजण उकिडवा बसला होता, तो हसून म्हणाला, "तू कामून पळून राह्यला बे? दोन वर्षं तर बायकोचं तोंड बघितलं न्हाई तू. तुला तर सरकारनं बक्षीस दिलं पाहिजे." आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. जीप गेल्यावर अंग झाडत परत आलो, तर बायको दारात पांढरीफटक उभी. कापूस वेचून आली होती, शेजारणीला मदत म्हणून, म्हणे. आणि ओट्यावर शेजारची आत्या बसलेली, सत्तरीची, तोंडात दात नाही, पण एकदम खुशीत.

"कोण आल्तं आत्या?"

"कोण म्हंजे? तुझ्यासाठीच आल्ता साहेब. तू कामून पळाला? चांगला चष्म्याचा माणूस व्हता बिचारा. पाणी दिलं म्या त्याला."

मी तिच्यापुढं ओट्यावर टेकलो. "काय इचारलं त्यानं?"

"इचारलं, घर कुणाचं. म्या म्हणलं, ज्याचं हाय तो समिंदराच्या पल्याड कमावतो. इचारलं, मालक नसल्यावर घर बंद असतं का? म्या म्हणलं, बंद? अरे साहेबा, अशी बाई अख्ख्या तालुक्यात दाखव! घर कसं आरशावाणी ठेवलं नवऱ्यासाठी. रोज सारवती. रोज त्याच्या नावाची भाकर ठेवती. त्याचं अंथरूण बी उन्हात टाकती. तो उद्या आला तरी ताटावर बसंल, असं घर ठेवलं पोरीनं!" आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "लई खूश झाला साहेब. समदं लिहून घेतलं."

बायकोला वाटलं, चांगलंच सांगितलं. मलाही तसंच वाटलं. गावात बाईचा असा लौकिक सांगणं म्हणजे तिला साडी-चोळी करण्यासारखं. आत्यानं मनापासून तेच केलं. मंग पुढच्या बुधवारी औरंगाबादहून बोलावणं आलं, दोघांनी हजर व्हा, जबाब आहे. दोघांनी! बाईला हापिसात कशाला? ते वाचून दाखवणाऱ्या मास्तरांचाच आवाज बारीक झाला.

मी जालन्याला गेलो. वर्कशॉपच्या मालकाचे एक ओळखीचे वकील होते, टॅक्सचं काम करायचे. म्हातारे, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, पान खाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी आत्याचं बोलणं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, म्हातारीनं तुला फाशीच दिली की."

"काय झालं साहेब?"

"सुन. कायदा दोन गोष्टी बघतो. सालात तू इथं महिनाभर राहिला का? राहिला. आणि अर्ध्या सालाच्या वर तुझ्यासाठी इथं घर ठेवलेलं होतं का? म्हातारी म्हणते, आरशासारखं ठेवलं होतं. दोन्ही बातें जुळल्या की तू इथला रहिवासी. मंग मस्कतला जे कमावलं ते इथं कमावल्यासारखं. नाव नोंदव, विवरण भर, त्याच्यावर टॅक्स भर. नाही भरलं तर दंड."

"पण साहेब, तिकडं तर टॅक्स नावाची चीजच नाही."

"तिकडं नाही. इथं आहे."

"मी तर इथं राहतच नाही!"

"तू नाही राहत. तुझं घर राहतं." त्यांनी पिंक टाकली. "पैसा कुठं आहे?"

"भिंतीत."

"मंग भिंत जाईल."

एवढं सरळ कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या ओट्यावरच बसून राहिलो. डोळ्यापुढं ती खोपटात पीठ डोक्यावर घेऊन बसलेली दिसायला लागली. घर गेलं तर परत तिथंच. आणि दाखला मिळाला नाही तर मस्कतही गेलं, माझ्या जागेवर ठेकेदार दुसरा उभा करील. दोन्हीकडून मेलो.

वकीलसाहेबांना दया आली असावी. म्हणाले, "एक रास्ता आहे. कायद्यात शब्द आहे, 'त्याच्यासाठी'. घर त्याच्यासाठी ठेवलेलं पाहिजे. तुझी बायको स्वतःसाठी घर चालवत असेल, आणि तू आला तर पाहुणा म्हणून उतरत असशील, तर बात वेगळी. पण हे तिनं सांगितलं पाहिजे. तिच्या तोंडानं. हे घर मी माझ्या नवऱ्यासाठी ठेवलेलं नाही. बस."

मी घरी आलो आणि तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"काय म्हणायचं म्या?"

"घर मी ह्यांच्यासाठी ठेवलेलं न्हाई."

"हे मी म्हणणार न्हाई."

"अगं, नुसतं म्हणायचं. म्हणून काय होतंय?"

"तुमाला न्हाई कळायचं. तुमी जित्ते बसले हायेत समोर, आन म्या चार माणसांत म्हणायचं, ह्या माणसासाठी माझ्या घरात जागा न्हाई? असं बोलून पाठवलं आन तुमचं तिकडं काही बरंवाईट झालं तर? म्या काय करायचं मंग त्या भिंतींचं?"

"आन घर गेलं तर?"

"घर गेलं तर खोपट हाय."

"खोपट मोडलं तू! त्याच्याच जागेवर उभं हाय हे!"

मला राग आला होता, पण खरं सांगतो, रागाच्या खाली भ्यावच होतं. मी तिच्यावर ओरडलो, परात सरकवली. तिनं परात परत ओढून घेतली आणि भाकर तव्यावर टाकली. आत्या दारातून डोकावली, "काय चाललंय रे?" बायको म्हणाली, "काही न्हाई आत्या. तुमच्या पोराला मस्कतचं पाणी लागलंय." आत्या हसत गेली. आम्ही दोघं हसलो नाही. जबाबाच्या दिवसापर्यंत घरात आम्ही मीठ दे, पाणी दे, एवढंच बोललो. मला जेवण जाईना. पत्रा वाऱ्यानं वाजला तरी वाटायचं, कुणी वर चढून पत्रे काढून राह्यलं.

एसटीच्या लाल गाडीनं औरंगाबादला गेलो. जालन्याला गाडी बदलली. ती खिडकीला बसली होती, नेसायची ती एकच चांगली साडी, पदर डोक्यावरून घट्ट. मी दोनदा विचारलं, "बोलशील नं?" दोन्ही वेळा तिनं बाहेरच बघितलं.

हापिसात मोठा हॉल, पंखे, टेबलं. चष्म्याचे साहेब तरुण होते, आवाज मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या काठावर टेकली, उठायला सोपं जावं अशी. मी मागं उभा.

"बाई, घाबरू नका," साहेब म्हणाले. "जे खरं आहे ते सांगायचं. हे घर कोणासाठी ठेवलेलं आहे?"

तिनं आधी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मनात म्हणत होतो, बोल. बोल माय, एकदाच बोल.

"कुणासाठी म्हंजे? म्या राहते त्यात."

"तुमच्या मालकांसाठी ठेवलेलं नाही?"

तिनं उलट विचारलं, "साहेब, ठेवलं म्हंजे काय?"

साहेबांनी पेन टेकवलं. "म्हणजे, घर चालतं कसं? तेल, मीठ, धान्य, दुरुस्ती. खर्च कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे यांनी पाठवलेल्या पैशातून."

"न्हाई."

मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही खोटं बोलायला लागली, आणि खोटं हिला जमत नाही, पकडली जाणार.

"ह्यांचा पैसा आला की म्या गवंड्याला दिला," ती म्हणाली. "ईट आली, पत्रा आला, दार आलं. ह्यांचा पैसा समदा भिंतीत हाय. चुलीला त्यातलं काही लावलं न्हाई. त्याला हात लावला असता तर घर अजून अर्धंच असतं. म्या रोजानं जाते. खुरपायला, कापूस वेचायला, सोंगणीला. त्याच्यावर खाते, त्याच्यावर घर चालवते. गावात इचारा. मुकादमाला इचारा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणलं, "न्हाई साहेब."

मला माहीत नव्हतं. मला तिथं कळलं, त्या टेबलापुढं. मी मस्कतच्या उन्हात समजून बसलो होतो की बायको आता पक्क्या घरात, ओट्यावर, सावलीत आहे. महिनाभर मी तिचे हात बघत होतो. बोटांना चिरा, नखांच्या बाजूनं काळं, कापसाच्या बोंडाचे ओरखडे. मला वाटलं, घरकामानं झालं असेल. शेजारणीला मदत करायला जाते म्हणायची. मी सुट्टीवर आलो तरी ती रोजानं जात होती, आणि मी ओट्यावर बसून मस्कतच्या गोष्टी सांगत होतो.

साहेब काही वेळ लिहीत राहिले. मंग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "शेजारच्या बाईंनी सांगितलंय की तुम्ही रोज यांच्या नावाची भाकरी ठेवता. मग ती?"

मला वाटलं, संपलं. आता ती भाकर नाकारणार नाही, आणि भाकर कबूल केली की घर कबूल झालं.

तिनं पदर नीट केला. "ठेवते. पण ती ह्यांच्यासाठी न्हाई साहेब. ह्यांनी त्यातली एक तरी खाल्ली का? कुत्र्यानं खाल्ली. ती भाकर माझ्या भ्यावासाठी हाय. न ठेवता झोपले तर मला वाटतं, ह्यांचं जहाज बुडालं, ह्यांच्या अंगावर लोखंड पडलं. ठेवली की डोळा लागतो. झोप माझी हाय, मंग भाकर बी माझीच झाली नं?" मंग ती म्हणाली, "भ्यावाला बी टॅक्स असंल तर सांगा. तेवढा म्या भरते."

हॉलमधला एक कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर आम्ही दुपार टळेपर्यंत बसलो. मी शिपायाच्या प्रत्येक हालचालीकडं बघत होतो. तो घंटी वाजली की उठायचा आणि मी अर्धा उठायचो. ती पिशवीतून भाकर-ठेचा काढून म्हणाली, "खावा." मी म्हणलं, "मला जाणार न्हाई." ती म्हणाली, "मला जाती," आणि खायला लागली. पण अर्धी भाकर तिनं परत फडक्यात बांधली, हे मी बघितलं. तिनं म्हणायचं ते म्हणलं नव्हतं. घर ह्यांच्यासाठी न्हाई, हे तिनं शेवटपर्यंत उच्चारलं नाही. आता त्यावर साहेब काय करतील, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी आत बोलावलं, मला एकट्याला. साहेबांनी दाखला समोर सरकवला. मला वाचायला येत होतं तेवढं मी वाचलं. माझ्याकडं सरकारचं काही येणं नाही. दाखवली तिथं मी सही केली.

"तुमच्या बायकोनं घर स्वतःच्या कमाईवर, स्वतःसाठी चालवलंय. तसं मी नोंदवलंय," साहेब म्हणाले. "पण हे या सालापुरतं. पुढच्या वेळी आलात तर महिन्याच्या आत परत जा. नाहीतर हे सगळं पुन्हा विचारावं लागेल. आणि तेव्हा मी असेन असं नाही."

परतीच्या गाडीत बसल्यावर मी तिला म्हणलं, "सांगितलं कामून न्हाई, रोजानं जाती म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुमाला तिकडं घास गोड लागला असता का?"

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "खोटं तर बोलले न्हाई नं म्या? काही वंगाळ तर न्हाई बोलले?" बदनापूर येईपर्यंत तिनं हे तीन-चारदा विचारलं. मी दरवेळी सांगितलं, न्हाई, न्हाई बोलली. तरी ती बोटानं पदराचं टोक मोडत राहिली.

घर राहिलं. मी मस्कतला परत गेलो. पण साहेबांचं ते 'महिन्याच्या आत' माझ्या अंगात शिरलं ते कायमचं. पुढं जेव्हा जेव्हा सुट्टीवर आलो, महिना भरायच्या आधी निघालो. ठेकेदार म्हणायचा, सुट्टी आहे, राहा. मी राहायचो नाही. तिचंही तसंच. दिवस सरत आले की तीच माझी पेटी भरायला घ्यायची. डोळ्यात पाणी आणि हातात माझे कपडे. म्हणायची, "निघा आता. घर जाईल." एकदा ती तापानं फणफणली होती आणि तरी तिनं मला गाडीत बसवलं. आत्यानं गाडीपाशी येऊन शिव्या दिल्या, मला नाही, सरकारला. तिला तोवर कळलं होतं की तिच्याच कौतुकानं काय झालं होतं. पुढं ती कुणाचंच कौतुक करीना. कुणी साहेब दिसला की म्हणायची, "मला काही दिसत न्हाई बाबा, म्या आंधळी हाय."

काही वर्षांनी वकीलसाहेबांनी जालन्यात गाठून सांगितलं की नियम ढिला झाला. बाहेर नोकरी करणाऱ्यांना आता तीन महिने राहता येतं. म्हणाले, "अब तो आराम से रह, बीवी के पास." मी मान हलवली. पण राहिलो नाही. मला पटलंच नाही. जो नियम एकदा घराच्या भिंतीपर्यंत आला, तो परत येणार नाही याची खात्री कोण देणार? असे किती महिने आम्ही सरकारला न मागता देऊन टाकले, त्याचा हिशेब मी करत नाही. केला तर मला बसवणार नाही.

पुढं कायमचा परत आलो. तिनं रोजानं जाणं बंद केलं, म्हणजे मी बंद करायला लावलं. आम्ही एकमेकांसमोर बसून जेवलो, बरीच वर्षं. भाकर ठेवायची गरज राहिली नव्हती, पण तिनं ठेवायचं सोडलं नाही. मी म्हणायचो, "आता मी हितंच हाय." ती म्हणायची, "असू द्या. सवय हाय."

गेल्या थंडीत ती गेली. आजार मोठा नव्हता, छातीत कफ झाला म्हणाले. जालन्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिनं मला विचारलं, "दार लावून आले का हो?" मी म्हणलं, आत्याची नात बसली आहे. ती म्हणाली, "मंग बरं." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

पंधरा दिवसांखाली पिंपळगावहून मेहुणा आला होता. म्हणाला, "दाजी, कशाला एकटे हाल काढून राह्यले? कुलूप लावा घराला आन चला. आमच्या घरी काय कमी हाय का तुमाला?" माणूस चांगला आहे, मनापासून म्हणत होता. मी म्हणलं, बघू. तेवढ्यात त्याचं लक्ष टोपल्याकडं गेलं. फडकं बाजूला करून त्यानं बघितलं. माझ्या भाकरी तिच्यासारख्या होत नाहीत, कडेला फाटतात, मधे कच्च्या राहतात.

"ही कुणासाठी ठेवली दाजी?"

मला त्या साहेबांचा आवाज आठवला. तसाच प्रश्न, तसाच मऊ. मी त्याला म्हणलं, माझ्यासाठी.

ती येणार नाही हे मला ठाऊक आहे, मी काही खुळा झालो नाही. पण भाकर ठेवली नाही, दाराला कुलूप घातलं, तर ते घर कुणासाठीच ठेवलेलं नाही असं होईल. आणि त्याचंच मला भ्याव वाटतं. मेहुण्याला मी चहा करून दिला आणि सांगितलं, जमायचं नाही मला. तो गेला. संध्याकाळी रस्त्यावर कसलीतरी घरघर झाली. मी उठलो, दारात जाऊन बघितलं. दूधवाल्याची गाडी होती.